नेगल अल्गोरिदम

नेगल अल्गोरिदम : टीसीपी (इंटरनेटवर मजकूर खात्रीने पोचवणारी नियमावली) जोडणीवरून सुटणाऱ्या अत्यल्प मजकुराच्या पॅकेटांची (जाळ्यावरून जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्यांची) संख्या आटोक्यात ठेवण्याची, पाठवणाऱ्या बाजूने पाळायची रीत. फोर्ड एरोस्पेस अँड कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशनमधील जॉन नेगल यांनी ती जानेवारी १९८४ मध्ये आरएफसी (इंटरनेटविषयक तांत्रिक टिपणांची मालिका) ८९६ या टिपणात मांडली. आधी पाठवलेल्या मजकुराची पोच यायची बाकी असेल, तर नवा तुटपुंजा मजकूर साठवून ठेवायचा आणि पोच आली की एकदम पाठवायचा, एवढाच तिचा नियम आहे. मूळ टिपणात हा मज्जाव विनाअट असून घड्याळ किंवा मजकुराचे आकारमान पाहण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. पूर्ण सेगमेंट (एका पॅकेटात मावणारा सर्वांत मोठा तुकडा) भरण्याइतका मजकूर जमल्यास पोचेची वाट न पाहता पाठवावा, ही आज सर्वत्र गृहीत धरली जाणारी सवलत १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये स्पष्टपणे नोंदवलेली आढळते.

दूरच्या संगणकावर टंकलेखन करताना एका अक्षरासाठी एक बाइट मजकूर आणि टीसीपी व आयपी (पॅकेट योग्य पत्त्यावर नेणारी नियमावली) यांची मिळून ४० बाइट हेडरे (मजकुराआधी जोडलेली पत्त्यादी माहिती) असे ४१ बाइटचे पॅकेट निघते. म्हणजे मजकुराच्या ४,००० टक्के बोजा. हलका भार असलेल्या जाळ्यावर हे खपून जाते. भरलेल्या जाळ्यावर हाच बोजा कोंडी वाढवतो. पोच यायला ५ सेकंद लागतात आणि दर २०० मिलिसेकंदांना एक अक्षर टंकले जाते असे धरल्यास, तेवढ्या अवधीत एरवी २५ पॅकेटे सुटतात. नेगल यांच्या नियमाने पहिले अक्षर तत्काळ जाते, उरलेली २४ अक्षरे पोच आल्यावर एकाच पॅकेटातून जातात आणि बोजा ३२० टक्क्यांवर येतो. पोच ५० मिलिसेकंदांत परतत असेल, तर पुढचे अक्षर येईपर्यंत वाट मोकळी झालेली असते, त्यामुळे नियम आपोआप निष्प्रभ राहतो.

या रीतीच्या उगमाबद्दल मतभिन्नता संभवते. लहान पॅकेटांचा प्रश्न टिमनेट या जुन्या संगणक-जाळ्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हाताळला होता, असे नेगल यांनीच नमूद केले आहे. तेथे लहान पॅकेट साधारण २०० ते ५०० मिलिसेकंद रोखून धरले जाई. डेव्हिड क्लार्क यांच्या १९८२ च्या आरएफसी ८१३ मध्येही जवळचाच विचार आहे, पण त्याचा रोख मुख्यतः स्वीकारणाऱ्या बाजूच्या विंडोवर (एका वेळी किती मजकूर घेता येईल त्या मर्यादेवर) व पोच देण्याच्या धोरणावर आहे. टिमनेटला अग्रक्रम देणे कालदृष्ट्या योग्य असले, तरी ठराविक मुदत काढून टाकून पोचेलाच घड्याळ बनवणे ही कल्पना नेगल यांची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जाळ्याचा वेग बाहेरून ठरवावा लागत नाही, तो परतणाऱ्या पोचेतूनच कळतो, हे तिचे खरे सौंदर्य आहे.

कोंडी-नियंत्रणाचा आरंभ कोठून धरावा, हा प्रश्नही याला लागूनच येतो. ‘कोंडीतून कोसळणे’ (कोंडीमुळे जाळ्यावरून उपयोगी मजकूर जवळजवळ न जाणे) या अवस्थेचे निदान १९८४ च्या त्याच टिपणात आहे, पण त्यातील इलाजाची भिस्त मार्गावरील यंत्रांनी पाठवायच्या ‘सोर्स क्वेंच’ (पाठवणाऱ्याने वेग कमी करावा) या सूचनेवर होती. ती सूचना प्रभावी ठरली नाही आणि २०१२ मध्ये आरएफसी ६६३३ ने ती औपचारिकपणे मोडीत काढली. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली संकुल यांमधील सुमारे ४०० यार्डांच्या दुव्यावर वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर आला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला मंदारंभ (हळू सुरुवात करून वेग वाढवत नेणे) व प्रवासकाळाचा (पॅकेट जाऊन पोच परतेपर्यंतच्या वेळेचा) सुधारित अंदाज यांनी टीसीपीला टिकाऊ उपाय मिळाला. निदानाचे श्रेय नेगल यांना व उपायाचे जेकबसन यांना देण्याकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे.

विलंबित पोचेशी या रीतीचा खटका उडतो. स्वीकारणारी बाजू पोच थोडी थांबवते, म्हणजे उत्तराच्या पॅकेटातूनच ती पाठवता येते; बर्कली येथे घडलेल्या युनिक्स प्रणालीत ही मुदत २०० मिलिसेकंदांपर्यंत होती. प्रोग्रामने विनंतीचा पूर्वार्ध व उत्तरार्ध असे दोन लहान तुकडे वेगवेगळे लिहिले, तर पहिला जातो, दुसरा पोचेसाठी अडतो. समोरच्याला अर्ध्या विनंतीचे उत्तर देता येत नाही, म्हणून पोचही अडते आणि मुदत संपेपर्यंत दोघेही थांबून राहतात. हा दोष एकट्या नेगल रीतीचा मानणे अन्यायाचे आहे. नेगल यांनीही पुढे ठराविक मुदतीच्या पोचेकडेच बोट दाखवले. प्रोग्रामने दोन्ही तुकडे एकाच वेळी लिहिणे हा खरा उपाय. ‘टीसीपी नोडिले’ हा पर्याय लावून रीत बंद करता येते, मात्र त्याने लहान पॅकेटे पुन्हा मोकाट सुटू शकतात. ग्रेग मिन्शॉल यांनी सुचवलेल्या व लिनक्सने स्वीकारलेल्या फेरफारात, पोच बाकी असलेले पॅकेट लहान असेल तरच नवे लहान पॅकेट अडवले जाते.

२०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या टीसीपीसारखेच काम करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये (नियमावलीत) पोच थांबवण्याची हीच मुदत प्रत्येक बाजू जाहीर करते. ती न सांगितल्यास २५ मिलिसेकंद धरली जाते.