साडेपस्तीसचा अणू: अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान

आठवी-नववीच्या वह्या तपासताना एक उत्तर मला दरवर्षी भेटतं. क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती? मुलं आवर्तसारणीतून ३५.५ उचलतात, त्यातून अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, १७ वजा करतात आणि १८.५ लिहून मोकळी होतात. वजाबाकी बरोबर, उत्तर मात्र अशक्य. न्यूट्रॉन अर्धा नसतो. मुलांचा यात फारसा दोष नाही. ‘अणुवस्तुमानांक’ आणि ‘अणुवस्तुमान’ ही नावंच इतकी सारखी आहेत की शेवटचा ‘अंक’ वाचताना निसटून जातो, आणि सगळा फरक तर त्या ‘अंक’मध्येच आहे.

अणुवस्तुमानांक हा मोजून आलेला आकडा आहे. एका अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणून तो नेहमी पूर्णांकच असतो आणि त्याला एकक नसतं. शिवाय तो त्या एका अणूचा असतो, अख्ख्या मूलद्रव्याचा नाही. क्लोरीनचे काही अणू ३५चे, काही ३७चे. दोघांतही प्रोटॉन १७च. न्यूट्रॉन एकात १८, दुसऱ्यात २०. हीच समस्थानिकं.

आवर्तसारणीतल्या चौकटीत छापलेलं अणुवस्तुमान ही सरासरी आहे. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये साधारण चारांतले तीन अणू ३५चे आणि एक ३७चा. तीन पस्तीस १०५, त्यात ३७ मिळवले की १४२, भागिले चार, म्हणजे ३५.५. इतका वजनदार क्लोरीनचा एकही अणू जगात नाही.

ब्रोमीनचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथे अपूर्णांकाचा इशाराही मिळत नाही. सारणीत ७९.९, म्हणजे जवळजवळ ८०. ‘पूर्णांक आहे, म्हणजे हाच अणुवस्तुमानांक’ असं कुणालाही वाटेल. पण निसर्गातलं ब्रोमीन ७९ आणि ८१ या दोन समस्थानिकांचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे. ८०चा अणू त्यात नाहीच.

आणखी एक बारकावा. एकाच समस्थानिकाचं वस्तुमानसुद्धा अगदी पूर्णांक येत नाही. क्लोरीन-३५च्या एका अणूचं वस्तुमान ३४.९६९ एकक भरतं. कण केंद्रकात बांधले जाताना थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात निघून जातं. अपवाद फक्त कार्बन-१२चा, कारण त्याचाच बारावा भाग हे एकक म्हणून ठरवला आहे.

हा फरक कळला की आवर्तसारणीतलं एक जुनं कोडं सुटतं. अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशिअमचं ३९.१०. तरी अरगॉन १८वा आणि पोटॅशिअम १९वा! वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली असती, तर पोटॅशिअमसारखा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसला असता. टेल्युरिअम आणि आयोडीनची जोडीही अशीच उलटी. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून टेल्युरिअम आधी ठेवलं आणि त्याचं मोजलेलं वस्तुमानच चुकलं असावं असं मानलं. मोजमाप चुकलेलं नव्हतं. १९१३ साली मोस्ले या भौतिकशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवलं, की मूलद्रव्याची जागा अणुअंकावरून ठरते.

मग अरगॉन जड का? पोटॅशिअमच्या १०० अणूंपैकी सुमारे ९३ अणू ३९चे. हवेतल्या अरगॉनमध्ये मात्र ९९.६ टक्के अणू ४०चे, आणि हे अरगॉन-४० खुद्द पोटॅशिअममधूनच आलेलं आहे! खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशिअम-४०चा काही भाग ऱ्हास होऊन अरगॉन बनतो; या पोटॅशिअम-४०चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. पृथ्वीच्या जन्मापासून अरगॉन वायू असा हवेत साठत आला. म्हणजे सरासरीचा हा आकडा पृथ्वीच्या इतिहासातून घडला आहे. अणूच्या रचनेवरून तो कधीच काढता आला नसता.

तेव्हा न्यूट्रॉन काढायचे असतील, तर समस्थानिकाचा अंक घ्या. मोल (अणू-रेणूंची ठरावीक मोठी संख्या) आणि ग्रॅमच्या हिशोबात सरासरीच लागते, कारण चिमूटभर मिठातही दोन्ही क्लोरीन मिसळलेलेच असतात. म्हणूनच मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅम. आणि सारणीत प्लुटोनिअमसारख्या मूलद्रव्याखाली कंसात २४४ दिसलं, तर तो अणुवस्तुमानांक समजा. तिथे सरासरी काढायला ठरावीक नैसर्गिक मिश्रणच नाही, म्हणून सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा अंक छापलेला असतो.