हेलिकॉप्टर पाण्यात उलटं का होतं?

28 जून 2022 रोजी पवन हंस या सरकारी कंपनीचं सिकोर्स्की एस-76डी हेलिकॉप्टर मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, सागर किरण या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगजवळ समुद्रात पडलं. आत नऊ जण होते, चार दगावले. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले एक काका चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी अशी नोकरी करतात, त्यामुळे इथेही चर्चा रंगली. एकाने पंचांग उघडलं: अमावस्या! होती खरी. पण अमावस्येला भरती मोठी येते एवढंच. किनाऱ्यापासून एवढ्या दूर समुद्रात लाटा उठवतो तो पावसाळी वारा. दुसऱ्याने विचारलं ते मोलाचं होतं: पाण्यावर तरंगायला हेलिकॉप्टरला हवेचे फुगे असतात ना, मग ते तरंगत का नाही?

पवन हंसचा जन्मच तेलासाठी झाला. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबई हायमध्ये तेल लागलं. तिथली माणसं ने-आण करायला 1985 मध्ये हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया निघाली, तीच पुढे पवन हंस झाली. तळ जुहूला. सुरुवातीच्या ताफ्यात फ्रेंच डॉफिन होती, आणि साडेसहा कोटी पौंडांच्या ब्रिटिश मदतीतून गळ्यात पडलेली 21 वेस्टलँड-30. ही अपघातांनंतर 1991 मध्ये जमिनीवर बसली ती बसलीच, शेवटी दहा लाख पौंडांच्या आत विकली गेली. फुकटचं महागात पडतं ते असं. रिगचा भार वाहिला तो डॉफिननी.

आता फुगे. हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स, रोटर, सगळं जड सामान डोक्यावर. त्यामुळे गुरुत्वमध्य उंच. बादलीत रिकामा पेला उभा सोडा, लगेच कलंडतो. परात कलंडत नाही. तरंगती वस्तू कलली की बुडालेल्या भागाचा मध्य, म्हणजे उत्प्लावक बलाचा बिंदू, कललेल्या बाजूला सरकतो. तो गुरुत्वमध्याच्या उभ्या रेषेपलीकडे गेला तर वस्तू सावरते, अलीकडेच राहिला तर उलटते. तो किती सरकणार हे पाण्याच्या पातळीवरच्या छेदाच्या क्षेत्रीय जडत्वावर (म्हणजे तो छेद मध्यरेषेपासून किती दूर पसरलाय याच्या मापावर) ठरतं, आणि त्यात रुंदीचा घन येतो. वजन, लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर हा परिणाम आठपट! दोन्ही बाजूंना फुगे लावतात ते या घनासाठी. नुसतं तरंगायचं असतं तर ते कुठेही चालले असते.

पण हे गणित शांत पाण्याचं. फुटती लाट आडवी आदळली की फुगे शाबूत असूनही हेलिकॉप्टर पालथं होतं आणि तसंच तरंगत राहतं. प्रवासी पाण्याखाली, पट्ट्यात उलटे लटकलेले. नाकात पाणी जातं, डावं-उजवं कळेनासं होतं. म्हणून रिगवर जाणाऱ्यांना प्रशिक्षणात खोट्या केबिनमध्ये बसवून पाण्यात उलटं करतात. काकांनी शिकवलेला नियम साधा: पट्टा सोडण्याआधी एक हात खिडकीच्या कडेवर, आणि केबिनची हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचाच नाही. आधी सोडलात तर शरीर तरंगून वर जातं, आणि उलट्या केबिनमध्ये ‘वर’ म्हणजे जमीन.