डिस्पोजल मिलिटरी ट्रकचा हौदा सरकवायचाय? आधी हे वाचा

शक्तिमान असो, स्टॅलियन असो नाहीतर टाटाची फोर बाय फोर, डिस्पोजलमधनं, म्हणजे लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावातनं, घेतलेली गाडी आमच्या वर्कशॉपच्या दारात आली की बहुतेकांची पहिली मागणी हीच असते, हौदा जरा मागं घ्या. केबिनच्या पाठीमागं क्रेन बसवायचीय, कॉम्प्रेसर ठेवायचाय, किंवा दोन माणसं झोपतील एवढी खोली करायचीय. मागणीत चूक काही नाही. पण "जरा" म्हणजे किती, हे आम्ही डोळ्यानं ठरवत नाही आणि तुम्हीही कुठल्या फॅब्रिकेटरला ठरवू देऊ नका, कारण हौदा कुठं बसतो त्यावर पुढच्या चाकांवर किती वजन राहतं ते ठरतं, आणि स्टेअरिंग अन् पुढचे ब्रेक त्या वजनाच्याच जिवावर चालतात.

हिशोब सोपा आहे, वहीत करून बघा. समजा पुढच्या हाउसिंगपासून (हाउसिंग म्हणजे दोन्ही चाकांमधला आडवा अ‍ॅक्सल) मागच्या हाउसिंगपर्यंत 4 मीटर आहे, माल 5000 किलो आहे आणि सगळीकडं सारखा भरलाय, म्हणजे मालाचं वजन हौद्याच्या बरोबर मधोमध धरायचं. हा मध्य मागच्या हाउसिंगच्या 40 सेंटीमीटर पुढं असेल तर 5000 गुणिले 0.4 भागिले 4, म्हणजे 500 किलो पुढच्या चाकांवर जातात आणि 4500 मागं. आता हौदा 50 सेंटीमीटर मागं घेतला. मध्य आता मागच्या हाउसिंगच्या 10 सेंटीमीटर मागं गेला, आणि तोच माल भरल्यावर पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षाही 125 किलोनं हलकी झाली. म्हणजे गाडी भरली की पुढचं उचलतंय! सपाट रस्त्यावर हे कळतसुद्धा नाही, स्टेअरिंग हलकं लागतं म्हणून ड्रायव्हर उलट खूश होतो, पण चढावर वजन आणखी मागं जातं आणि ओल्या रस्त्यावर वळण घेताना पुढची चाकं सरळच घसरत जातात.

क्रेनचं गणित वेगळं पडतं. 800 किलोची क्रेन मागच्या हाउसिंगच्या अडीच मीटर पुढं बसवली तर तिचे 500 किलो पुढच्या चाकांवर येतात, म्हणजे हौदा मागं घेतल्यानं जे गेलं ते बरंचसं भरून निघतं. म्हणून क्रेनसाठी हौदा मागं घ्यायला आम्ही तयार असतो, पण नुसत्या टूलबॉक्ससाठी किंवा गाडी लांब दिसावी म्हणून अर्धा मीटर मागं घ्यायला नाही म्हणतो. आणि क्रेनचे 800 किलो मालातनं वजा करायचे हे विसरू नका. खोली करणाऱ्यांनीही आत काय काय ठेवणार त्याचं वजन आधी सांगावं, नुसता सांगाडा आणि पत्रा धरून हिशोब लागत नाही.

काम सुरू करायच्या आधी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेतो, आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. काम झाल्यावर परत तसंच, रिकामी आणि भरलेली. सगळ्या पावत्या तुम्हाला देतो.

आता हौदा बसवायचा कसा, कारण खरी गडबड इथंच होते. या गाड्या खड्ड्या-दगडातनं चालायला बनवल्यात, एक पुढचं चाक वर आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक वर अशी वेळ आली की चेसिस पिळवटते, आणि ती पिळवटावी अशीच केलेली असते. हौदा मात्र पेटीसारखा ताठ. तो चारी कोपऱ्यांना घट्ट आवळला तर सगळा पीळ केबिनच्या लगेच मागं एकाच जागी येतो. म्हणून आम्ही पुढचे माउंटिंग स्प्रिंगवाले ठेवतो, बोल्टवर दणकट स्प्रिंग, म्हणजे हौदा थोडा उचलू शकतो, आणि मागच्या हाउसिंगजवळ पट्ट्यांनी पक्कं धरतो. सबफ्रेमचं, म्हणजे हौदा आणि चेसिसच्या मधल्या चौकटीचं, पुढचं टोक तिरकं कापतो. चेसिसला वेल्डिंग नाही म्हणजे नाही, चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, भोक पाडलंच तर उभ्या बाजूला आणि ड्रिलनं, गॅस कटरनं कधीच नाही.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतनं शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाईकाला घाई होती म्हणून आम्ही केबिनमागं चेसिसला सरळ पट्ट्या वेल्ड करून दिल्या. गाडी कुंभार्ली घाटातनं आणि खाली खाणीच्या रस्त्यानं चालायची, एका पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेपासून केसाएवढी भेग निघाली. ड्रायव्हरनं धुताना बघितली म्हणून बरं, भरलेली गाडी उतारावर असताना चेसिस गेली असती तर काय झालं असतं हा विचार अजून मनातनं जात नाही. आम्ही ते सगळं काम स्वतःच्या खर्चानं परत केलं आणि तेव्हापासनं चेसिसजवळ वेल्डिंग मशीन येऊ देत नाही.

दुसरी जागा मागच्या टायरची. हौदा सरकला की टायरसाठीची खाच पण सरकते, टायर मात्र तिथंच राहतो. सपाट फरशीवर गाडी उभी असताना बोटभर जागा दिसते आणि खड्ड्यात टायर वर आला की पत्र्याला घासतो. म्हणून आम्ही एका मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळे घालून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दाबून बघतो आणि मगच मडगार्ड लावतो. डिझेल टाकीचं तोंड, बॅटरी पेटी, सायलेन्सर, मागचा टोचनाचा हुक हे हौद्याखाली अडकणार नाही हेही बघावं लागतं.

कागदाचं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सांगितलंय, तेव्हा आधी परवानगी मग ग्राइंडर. हौद्याची मागची लटक म्हणजे ओव्हरहँग साधारण व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या हाउसिंगमधल्या अंतराच्या) 60 टक्क्यांच्या आत पाहिजे, वरच्या उदाहरणात 2.4 मीटर. मागच्या लाइट, रिफ्लेक्टर टेप, नंबर प्लेट नव्या जागी. आणि ऑलिव्ह ग्रीन रंग ठेवता येत नाही, तो फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना, नियम 121 मध्ये स्पष्ट लिहिलंय, कितीही आवडत असला तरी आम्ही तो मारून देणार नाही. गाडी अजून घेतली नसेल तर लिलावाच्या कागदावर ती चालती गाडी म्हणून विकलीय की भंगार म्हणून, एवढं नीट वाचा आणि पासिंगचं आरटीओत विचारूनच बोली लावा, कारण फॉर्म 21 चं विक्री प्रमाणपत्र मिळालं नाही तर नंबर पडणार नाही आणि हौद्याचं सगळं काम दारातच उभं राहील.

पहिल्यांदा येताना गाडी रिकामी आणा, पण डिझेल टाकी भरलेली आणि स्टेपनी जागेवर असू द्या, म्हणजे काट्यावरचं वजन खरं येतं. विक्रीचं प्रमाणपत्र, आरसी असेल तर आरसी, आणि क्रेन किंवा कॉम्प्रेसर घेतला असेल तर त्याचं वजन लिहिलेली प्लेट किंवा तिचा फोटो, एवढं सोबत असलं की त्याच दिवशी हौदा किती सरकेल हे आम्ही तुम्हाला आकड्यात लिहून देऊ.