जर्मनीला शिकायला जाताय? मसाल्याची पाकिटं आणि तिथला ओटा

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे घरात बांधाबांध गणपतीच्या आसपास सुरू होते आणि बहुतेक वेळा २३ किलोच्या बॅगेत आठ किलो तांदूळ-डाळ कोंबली जाते. तसं करू नका. तांदूळ, मसूर डाळ, हरभरे, साखर, मीठ तिथल्या साध्या दुकानात मिळतं. तिथे सहज मिळत नाही ते न्या: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चांगला हिंग.

आठवड्याला पाच दिवस स्वतः रांधणाऱ्या एकट्या माणसाला सहा महिन्यांसाठी गोडा मसाला ३०० ग्रॅम, तिखट २५० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, हिंग २५ ग्रॅम पुरतो. एका थालीपिठाला साधारण ६५ ग्रॅम भाजणी लागते, म्हणजे किलोत पंधरा होतात. याहून जास्त घेऊ नका. मसाल्याचा वास उडतो आणि मग तो नुसता रंगापुरता उरतो. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घालून वर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर सगळ्या स्वेटरना फोडणीचा वास येईल.

हे बॅगेत नको

युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा वगैरे घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेही सोडा. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात अडवतात, कारण खोबरं पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं. लोणचं हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत घाला.

विमान दुबई किंवा अबूधाबीमार्गे असेल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. पुष्कळ घरच्या गोड्या मसाल्यांत खसखस असते, म्हणून आजीने दिलेला मसाला असला तरी आधी विचारून घ्या. परदेशासाठी आम्ही देतो त्या मसाल्यात खसखस नसते आणि पाकिटावर घटक इंग्रजीत छापलेले असतात. वर्तमानपत्राच्या पुडीतली तपकिरी पूड कस्टमवाल्याला काय समजावणार?

तूप तिथेच कढवा

बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी घ्या. वेष्टनावर 'झाउअररामबुटर' असेल तर उत्तम. ते विरजलेल्या सायीचं असतं, चव घरच्या लोण्याजवळ जाते. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. फेस बसला, बेरी बदामी झाली की भांडं शेगडीवरून उचला. नुसतं बटण बंद करू नका. साधारण २०० ग्रॅम तूप होतं.

उचलायचं का, तर वसतिगृहांत बऱ्याचदा काचेची विजेची शेगडी असते. ती हळू तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. फोडणी याच कारणाने करपते: मोहरी उशिरा तडतडते, आपण आच वाढवतो, मग कमी करून उपयोग नसतो. मोहरी तडतडली की पातेली बाजूला घ्या, हिंग-हळद मग घाला. तेल साधं रॅपसीडचं, 'काल्टगेप्रेस्ट' (म्हणजे न तापवता काढलेलं) लिहिलेलं नको, ते लवकर धुरकटतं. कुकरही शेवटच्या शिटीला उचलून दुसरीकडे ठेवा. ओढू नका, काचेला चरे पडतात. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालतच नाही. खोली मिळताच शेगडी कुठली ते विचारा आणि मगच कुकर घ्या. जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नक्की न्या, आपल्या कंपनीचे तिथे सहज मिळत नाहीत.

धूर झाला तर खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंदच ठेवा. दार उघडलं की धूर व्हरांड्यात जातो, तिथला धूरसूचक वाजतो. अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्यावर येऊ शकतं.

डाळ शिजत नाही, पोळी वातड होते

म्युनिक, बर्लिनसारख्या पुष्कळ शहरांत नळाचं पाणी पिण्याजोगं पण जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे तूरडाळ, राजमा दाठर राहतात. रात्रभर भिजवा, भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, मीठ आणि आमसूल डाळ शिजल्यावरच. घाईच्या दिवशी मसूर डाळ. पंधरा मिनिटांत होते.

पिठाच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा लहान, तितका कोंडा कमी. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची पोळी गार झाली की पापड. पोळीसाठी १०५० चे दोन भाग आणि 'फोलकोर्न' (कोंड्यासकट दळलेलं पीठ) एक भाग घ्या, कोमट पाण्यात सैलसर भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. रव्यासाठी 'हार्टवाइत्सेनग्रीस' घ्या, दुसऱ्या जातीच्या रव्याचा उपमा चिकट होतो. 'मिल्शराइस' नावाचा बुटका तांदूळ मऊ शिजतो. त्यावर तूप-मेतकूट छान लागतं, फक्त आंबेमोहराचा वास नसतो.

श्रीखंडाच्या चक्क्याची सोय तिथे आयतीच आहे: क्वार्क. ४० टक्के लिहिलेला घ्या (तो आकडा पाणी वगळून काढलेला असतो, प्रत्यक्ष स्निग्धांश ११ टक्क्यांच्या आसपास). ५०० ग्रॅम फडक्यात तीन तास टांगा, १८० ग्रॅम पिठीसाखर घाला, पुरणयंत्र नसेल तर बारीक चाळणीतून घासा. वेलची-केशर आमच्याकडून न्या.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

ऑर्डर निघण्याच्या दहा दिवस आधी द्या, मसाले त्या आठवड्यात कांडून देतो. भाजणी पोचल्यावर निम्मी फ्रीजमध्ये ठेवा, आणि पाकिटावर आपलं नाव लिहा. स्वयंपाकघर सामायिक असतं.