पत्रावळ-द्रोण (नाशिक परिसर)

पत्रावळ म्हणजे झाडाची पाने काड्यांनी टाचून केलेले, एकदा जेवून टाकून द्यायचे ताट. त्याच रीतीने केलेली वाटी म्हणजे द्रोण. नाशिक जिल्ह्यात लग्न, श्राद्ध, हरिनाम सप्ताह आणि भंडारा यांची जेवणे पिढ्यानपिढ्या या पानांवर उठली. पुढे थर्माकोल आले, प्लास्टिक आले, चंदेरी कागदाचे द्रोण आले आणि अलीकडे उसाच्या चिपाडाची ताटे आली. एकदा वापरून टाकायचे भांडे नाशिकला नवे नाही. टाकल्यावर त्याचे काय होते, ते मात्र पार बदलले.

पत्रावळीचे मुख्य पान पळसाचे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्याच्या एका देठावरच्या तीन दलांवरून आली. त्यातले मधले दल सर्वांत मोठे असते. मोह आणि वड यांची पानेही वापरतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या डोंगराळ तालुक्यांत पळस भरपूर आहे, आणि पत्रावळी ‘लावण्याचे’ कसब तिथल्या कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांत, विशेषतः बायकांकडे आहे. पत्रावळ शिवली, बनवली असे म्हणायची जुनी रीत नाही; ती लावतात.

लावणे दिसते तितके सोपे नाही. एक पान मध्ये धरून त्याच्याभोवती बाकीची पाने एकावर एक थोडी चढवत न्यायची आणि बांबूच्या बारीक चोयांनी टाचत जायचे. चोय पानातून आत-बाहेर जाऊन घट्ट बसली पाहिजे, पण पान फाटता कामा नये. फट राहिली की आमटी खाली झिरपते. द्रोणाला एकदोन पाने पुरतात, पण कोपऱ्याची दुमड नेमकी साधावी लागते. जमली तर पत्रावळ, नाहीतर द्रोण, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. लावणाऱ्या बाईला ती फारशी पटणार नाही.

मोसमाचीही एक अडचण आहे. पळस हिवाळ्याअखेर निष्पर्ण होऊन फुलतो, नवी पालवी चैत्र-वैशाखात येते आणि ती कोवळी पाने भार सोसत नाहीत. लग्नसराई मात्र नेमकी तेव्हाच. म्हणून जून पाने आधीच तोडून, वाळवून, दाबून त्यांचे गठ्ठे करून ठेवावे लागतात. लावायच्या आधी त्यांवर पाणी शिंपडतात; कोरडे पान दुमडताना मोडते.

पत्रावळ आणि पंगत यांची जोडी आहे. वाढप सुरू होण्याआधी पानावर पाणी शिंपडून ते पुसून घ्यायचे. वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. वरणासाठी भातातच आळे करायचे, कारण जमीन सपाट नसली तर द्रोण कलंडतो. जाणती माणसे तो भाताला टेकवून ठेवतात. ‘काडी बघून खा रे’ हे मुलांना बजावणे हाही त्या जेवणाचा भाग होता, आणि ते योग्यच होते. चोय घशात गेली तर इजा होते. जेवणे झाली की उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जात आणि पुढच्या पावसाळ्यात शेतात खत होऊन पडत. उष्टी काढणे हलके काम मानले जाई. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्याची कथा कीर्तनकार आवर्जून सांगतात ती त्यामुळेच.

थर्माकोल स्वस्त होते, हे पत्रावळ मागे पडण्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, बुफे. पानाच्या पत्रावळीला खाली जमीन लागते. ती हातात धरून उभ्याने जेवता येत नाही; मधोमध वाकते आणि रस्सा मनगटावरून ओघळतो. मंगल कार्यालयांतून पंगती उठल्या, त्याबरोबर पत्रावळही उठली. भांडी बाजार आणि तांबट आळी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात धातूच्या ताटांची कमतरता कधीच नव्हती, पण ती घासायला माणसे आणि पाणी लागते.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्माकोलची ताटे, पेले, वाट्या यांवर बंदी घातली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये. एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवरची केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. त्यानंतर कागदाचा माल वाढला, पण कागद म्हणून विकले जाणारे सगळे निव्वळ कागद नसते. चहाच्या कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. अशा कपात गरम पेय १५ मिनिटे ठेवले तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. चंदेरी द्रोणाचेही तसेच: कागद आणि मुलामा वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे तो ना खतात जातो ना रद्दीत. घंटागाडीपाशी ओला-सुका कचरा वेगळा करायला उभा असलेला माणूस खरकट्याने भरलेला असा द्रोण कोणत्या डब्यात टाकणार? चिपाडाची ताटे या बाबतीत बरी, पण खतात कुजण्यासाठी तीही ओल्या कचऱ्यातच पडली पाहिजेत.

पानाचा मान टिकून आहे तो धर्मकार्यात. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला श्राद्धविधीसाठी पत्रावळ-द्रोण अजून लागतात. संध्याकाळी द्रोणात फुले आणि दिवा ठेवून तो गोदावरीत सोडतात. पानाचा द्रोण पाण्यात कुजून जातो. चंदेरी द्रोण गाडगे महाराज पुलाखाली अडकून राहतो, आणि नदीला दिलेले दान नदीच्याच गळ्यात अडकते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला येणाऱ्या दिंड्या आणि चैत्रात सप्तशृंगगडाकडे चालत जाणारे खान्देशातले भाविक यांच्या वाटेवरच्या अन्नदानात हाच प्रश्न हजारोंच्या हिशेबाने उभा राहतो. सिंहस्थात तो किती पटींनी वाढतो, हे नाशिककरांनी २०१५ मध्ये पाहिले आहे. पुढचा सिंहस्थ २०२७ चा.

पाने संपलेली नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे पानांसारखा लाकडाखेरीजचा जंगलमाल, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्कही जंगलातल्या गावांना दिला आहे. कमी पडतात ते हात. पाने तोडून साठवायच्या आणि लावायच्या दिवसांतच दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी आणि पुढे जानेवारीपासूनची काढणी असते. रोजची मजुरी तिथे मिळते, म्हणून सुरगाणा-पेठच्या बायका तेव्हा बागेत असतात आणि घरी चोया काढायला म्हातारी माणसे उरतात.