स्पार्क, रेडिओ आणि आपला आर्डुइनो: गाडीतल्या नॉइजची पार्श्वभूमी

गाडीत किंवा बाईकवर आर्डुइनो, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा (एका चिपवरच्या छोट्या कॉम्प्युटरचा) बोर्ड, लावला की तो मधेच रिसेट होतो, आरपीएम भलताच दाखवतो, एलसीडीवर कसलीतरी अक्षरं येतात आणि मग सगळे कोडमध्ये बग शोधत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी लॅपटॉप बाजूला ठेवून आधी वायरिंग बघावं. का ते कळायला बरंच मागे जावं लागतं, कारण गाडीच्या नॉइजचं, म्हणजे नको असलेल्या विद्युत सिग्नलचं, हे भांडण मायक्रोकंट्रोलरपेक्षा खूप जुनं आहे.

१८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झने रेडिओ लहरी तयार केल्या त्या इंडक्शन कॉइल आणि स्पार्क गॅप वापरून. आता पेट्रोल इंजिनात काय असतं बघा, इग्निशन कॉइल, लांब एचटी (हाय टेन्शन) वायर आणि स्पार्क प्लग! म्हणजे चालू गाडी हा एक स्पार्क ट्रान्समीटरच आहे, आणि तो एका फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही, सगळ्या पट्ट्यात पसरतो. डिझेलवाल्यांनी लगेच खूष होऊ नये, स्पार्क नसला तरी अल्टरनेटर, वायपरची मोटर, हॉर्न आणि रिले आहेतच.

१९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कंपनीने मोटोरोला नावाने कार रेडिओ आणला. त्या काळात गाडीत रेडिओ बसवायचा म्हणजे मोठं काम असायचं, इंजिन चालू केलं की गाण्याऐवजी खरखर, म्हणून प्रत्येक प्लगच्या वायरला रेझिस्टर आणि डायनामोवर कंडेन्सर लावावा लागायचा. आज बाईकच्या प्लग कॅपमध्ये जो साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि प्लगच्या नंबरात जो 'आर' असतो तो त्याच परंपरेतला. योगायोग म्हणजे त्याच १९३० साली टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी फेराइट हे चुंबकीय सिरॅमिक शोधलं, ज्याचे मणी नॉइज अडवायला आपण आज वायरवर चढवतो.

पुढे शेजाऱ्यांची तक्रार सुरू झाली. ब्रिटनमध्ये टीव्ही घरोघर आला आणि रस्त्यावरून गाडी गेली की स्क्रीनवर पांढरे ठिपके, शेवटी १९५२ मध्ये इग्निशनच्या नॉइजवर नियमच आला. सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती तर १९३४ पासूनच या कामात होती. तिचं १२ नंबरचं स्टँडर्ड गाडीबाहेरचे रेडिओ वाचवतं आणि २५ नंबरचं गाडीतलेच.

इथपर्यंत गाडी गुन्हेगार आणि रेडिओ बिचारा. मग गाडीतच इलेक्ट्रॉनिक्स घुसलं, १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, १९७८ मध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), आणि बाजू उलटली. नासाच्या १९९५ च्या एका अहवालात नोंद आहे की सुरुवातीच्या एबीएसच्या काळात जर्मनीत ऑटोबानच्या एका वळणावर जवळच्या रेडिओ ट्रान्समीटरमुळे काही गाड्यांचे ब्रेक नीट लागत नव्हते, आणि तात्पुरता उपाय म्हणून चक्क रस्त्याच्या कडेने जाळी उभी करावी लागली. ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे आता गाडी किती नॉइज करते एवढंच बघून भागेना, ती किती सहन करते तेही तपासायला लागले. त्यातली एक टेस्ट मला फार आवडते, वायरिंगच्या जुडग्याभोवती क्लॅम्प लावून त्यात आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट घुसवतात, कारण खरा अँटेना वायरिंगच असतो! पुण्यात टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना जी एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था माहीत आहे तिथे गाड्यांची ही ईएमसी (नॉइज करणं आणि सहन करणं, दोन्हीची) तपासणी होते, आपल्याकडचं स्टँडर्ड एआयएस-००४ चा भाग ३.

आणि मग २००५ मध्ये इटलीत इव्हरियाला आर्डुइनो जन्माला आला, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, टेबलावर यूएसबीवर चालवायला. त्यात चूक काहीच नाही, पण कंपनीच्या ईसीयूभोवती (गाडीतला इंजिन वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) गेल्या कित्येक दशकांत जमलेलं संरक्षण या बोर्डाला मिळालेलंच नाही. इनपुट पिनचा आतला पुल-अप, म्हणजे पिन सप्लायच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहम, म्हणजे अगदी ढिला. त्याला अर्धा मीटर वायर जोडली की १४५ मेगाहर्ट्झच्या हॅम (हौशी) रेडिओसाठी क्वार्टर वेव्ह, म्हणजे लहरीच्या पाव लांबीचा, अँटेना तयार, वर पिनच्या आतले प्रोटेक्शन डायोड ते आरएफ रेक्टिफाय करतात (डीसीत बदलतात) आणि सेन्सरचं रीडिंग सरकतं. सप्लायचंही तेच, अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची वायर सुटली तर १२ व्होल्टच्या सिस्टीमवर क्षणभर ७९ ते १०१ व्होल्ट येऊ शकतात असं आयएसओचं टेस्ट स्टँडर्ड धरतं, आणि आपला ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर इनपुटला जास्तीत जास्त ३५ सोसतो. जास्तीचं व्होल्टेज दाबणारा टीव्हीएस डायोड म्हणूनच हवा.

नॉइज कमी करायला वायरची जोडी एकमेकींभोवती पिळून टाकायची आयडिया तर ग्रॅहम बेलची, पेटंट १८८१ चं, आणि १९८६ मध्ये बॉशने आणलेली कॅन बस (गाडीतल्या ईसीयूंना जोडणारी डेटा लाईन) अजूनही पिळलेल्या जोडीवरच पळते. लांबच्या सेन्सरला सिग्नल आणि ग्राउंड अशी पिळलेली जोडी न्यावी, बॉडी अर्थवर (गाडीच्या पत्र्यातून मिळणाऱ्या ग्राउंडवर) भरवसा ठेवू नये. बरेच जण बोर्डाला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतात, पण नॉइज वायरवर बसून आत येत असेल तर फॉइल काय करणार? ईसीयू उघडून बघा, बऱ्याचदा कनेक्टरच्या पिनांमागे लगेच छोटे कपॅसिटर दिसतील, वायर आत शिरते तिथेच. आपणही बटणाच्या किंवा सेन्सरच्या लाईनला १ किलोओहम सिरीजमध्ये आणि १ नॅनोफॅरॅड ग्राउंडला तिथेच लावावा, पाय अगदी आखूड ठेवून, कारण लांब पायाचा कपॅसिटर १४५ मेगाहर्ट्झला कॉइलसारखा वागायला लागतो.