नदी सुरय मोजायचा तर एप्रिलमध्ये

मार्च सरत आला की नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या चापडगावच्या मनोऱ्यावरची गर्दी ओसरते. पाहुणी बदकं परतीला लागलेली असतात, निफाडच्या शिवारात उन्हाळ कांदा निघू लागतो आणि पक्षीमित्रांच्या दुर्बिणी कपाटात जातात. नेमका तेव्हाच नदी सुरय (रिव्हर टर्न) हा नदीकाठचा पक्षी संसाराला लागतो. राखाडी-पांढरं अंग, डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच. नर सूर मारून मासा पकडतो, पण गिळत नाही. चोचीत आडवा धरून मादीपुढे मान ताठ करून उभा राहतो. तिने तो घेतला की जोडी जमली समजायचं.

2020 मध्ये नांदूरमध्यमेश्वरचं नाव महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत नदी सुरय ‘असुरक्षित’ गटात गेला. त्याचं दुखणं त्याच्या घरट्यात आहे. घरटं तरी कसलं, नदीतल्या वाळूच्या नाहीतर गोट्यांच्या बेटावर पोटाने केलेली खळगी आणि त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन अंडी. पाणी फार आटलं की बेट काठाला जुळतं आणि कुत्री, गुरं थेट आत शिरतात. वरच्या धरणांतून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की सखल बेट पाण्याखाली जातं. वाळूउपसा तर बेटच उचलून नेतो.

एप्रिलच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवणं अवघड. पक्षी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओला अंड्यांवर येऊन बसतो. अशा वेळी फोटोसाठी होडी जवळ नेली, पक्षी उडाला आणि परतायला बिचकला, तर अंड्यांतला जीव उघड्यावर भाजून निघतो. कृपा करून तिकडे होडी नेऊ नका.

जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे आणि ती हवीच. पण तीत घरटी दिसत नाहीत, दिसतात ती फक्त डोकी. सुरय बरीच वर्षं जगतो. त्यामुळे ओळीने चार-पाच उन्हाळे एकही पिल्लू उडालं नाही, तरी गणनेत फारसा फरक जाणवत नाही. आकडा घसरतो तोवर जुनी पिढी संपत आलेली असते.

म्हणून मोजायचं ते काठावरून, स्पॉटिंग स्कोपमधून (तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून), दर आठवड्याला. अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात, तेव्हा एवढ्या फेऱ्या पुरतात. किती पक्षी बसलेत, किती घरट्यांत पिल्लं दिसली, किती उडाली आणि त्या दिवशी पाणी बेटाच्या कुठल्या दगडापर्यंत होतं, एवढं वहीत उतरलं पाहिजे. या नोंदी आवर्तनाच्या तारखांशेजारी ठेवल्या की कुठली बेटं बुडतात ते कळेल. शेतीचं पाणी अडवायचं नाही. ज्या बेटावर पक्षी बसतात, तिथे हंगामाआधी वाळू-गोट्यांचा हातभर थर चढवून पाहता येईल.

चंबळ नदीच्या वाळूत इंडियन स्किमर या पाणपक्ष्याच्या घरट्यांसाठी बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) गावकऱ्यांनाच राखणदार केलं. आपल्याकडे पहाटे जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना सुरय यंदा कुठल्या बेटावर बसलाय हे आधीच ठाऊक असतं. येत्या मार्चमध्ये पहिली वही त्यांच्याच हाती द्यावी.